ठकूबाईचं वाक्य

“आजी, तुमची आठवण संदर्भ म्हणून चालत नाही. छापील काहीतरी द्या,” ऑनलाइन ज्ञानकोशाचा जुना संपादक फोनवर समजावत होता.

मी साठीला अक्षरं शिकले. आमच्या गावतळ्याच्या पानावर मी एकच वाक्य लिहिलं होतं: दुष्काळी कामावर हे तळं खोदताना दरड कोसळून ठकूबाई गाडली गेली. त्यानं ते काढून टाकलं होतं.

“अरे बाबा, तिला या हातांनी उकरून काढलंय मी!”

“खरं असेल हो आजी, पण नियम आहे.”

मग ग्रामपंचायतीची जुनी स्मरणिका मिळवली. तिच्यात छापलं होतं, ‘सरपंचांच्या देखरेखीखाली तळ्याचं काम निर्विघ्न पार पडलं.’ बघू तरी काय करतो, म्हणून मी तेच पानावर टाकलं, पृष्ठ क्रमांकासकट. ते राहिलं. वर त्यानं आभार मानले.

मला माझ्याच बोटांची किळस आली. वाक्य पुसलं आणि कारणाच्या चौकटीत लिहिलं, ‘खोटं आहे.’

दोन मिनिटांत ते परत आलं. सोबत त्याची सूचना होती, ‘आजी, संदर्भ असलेला मजकूर असा काढू नये.’