पोटापुरतं कापड

दुपारी लेकीचा निकाह होता आणि अब्बांची विटकी शेरवानी मुजम्मिलच्या पोटावर चार बोटं उघडी राहत होती. “पन्नाशीत कायले नवाबी शौक? नवा कोट घाला!” बायको गजालानं सुनावलं. तरी तो तेल्हाऱ्यातल्या वलीचाचांच्या दुकानात आला. तो पाळण्यात असताना ही शेरवानी चाचांनीच शिवली होती. “कापड जुनं हाय. उसवताना फाटलं तं मले बोल लावू नोको,” चाचा म्हणाले. मुजम्मिलनं शेरवानीवरून हात फिरवला. अब्बांचं एवढंच उरलं होतं. “उसवा, चाचा.” एकेक टाका तुटत गेला. मधेच ब्लेड थांबलं. मुजम्मिलनं डोळे मिटले. “पाह्य इकडे,” चाचांनी दाखवलं. शिवणीच्या आत दोन्ही बाजूंना तीन-तीन बोटं कापड दुमडलेलं होतं, अजून काळंभोर. “एवढं आत काहून ठेवलं?” “तुया अब्बानंच ठेवाले लावलं. म्हणे, पोरगं माह्याहून खातंपितं निघालं पाह्यजे.”