रुग्णाचं औषध थांबवतं

रुग्णालयातला एआय मदतनीस संगणकातलं कोणतं साधन काय करतं याची जी वर्णनं वाचून ती साधनं वापरायचा, ती वर्णनं नेमकी आहेत का हे तपासून गुण देणं हे तिचं काम. ‘रुग्णाचं औषध थांबवतं’ या वर्णनाला तिने घाईत पैकीच्या पैकी गुण दिले होते. दुपारी वॉर्डातून सिस्टरचा फोन आला. “डॉक्टरांनी आजोबांचं खोकल्याचं औषध थांबवायला सांगितलं, तर तुमच्या मदतनिसाने सगळीच थांबवली. हृदयाचंसुद्धा!” ती लिफ्टची वाट न बघता चार जिने धावत उतरली. आजोबा खाटेवर बसून पाणी पीत होते. “हृदयाची गोळी मी माझ्या जबाबदारीवर दिली,” सिस्टर म्हणाली. “रोज मीच असेन का, ताई?” तिने वॉर्डातल्याच संगणकावर वर्णन बदललं: ‘फक्त सांगितलेलं एकच औषध थांबवतं. शंका आल्यास आधी डॉक्टरांना विचारा.’ मग साहेबांना फोन लावला. “मदतनीस बंद करा. बाकी चाळीस वर्णनंही मीच तपासलीत.”