निरंजनच्या आवडीचा भात

माझ्या स्वयंपाकघरात बेचाळीस वर्षांत अंडेसुद्धा आले नव्हते. निरंजनला मात्र सॉसेज घातलेला राजमा-भात फार आवडे. चाकणच्या कंपनीने वर्षभर ब्राझीलला पाठवले, तेव्हा तो तिथे शिकून आला होता. रहाटणीच्या आमच्या घरी त्याने कधी तो विषयही काढला नाही. इच्छा झालीच तर मारुंजीला मित्राच्या खोलीवर जाऊन शिजवी आणि परतल्यावर आधी आंघोळ करी. माझा धाकच तसा होता.

काल इस्पितळात त्याच्या डॉक्टरांनी मला आणि सूनबाईला बाहेर बोलावले. "आता घरी न्या," एवढेच म्हणाले.

मी मृदुलेला बजावले, "त्याला काही कळता कामा नये. डोळे पुसायचे आणि मगच आत यायचे."

आज संध्याकाळी पदर खोचून मी स्वतः ओट्यापाशी उभी राहिले. मृदुला मोबाइलवरून कृती वाचत गेली. मी कांदा-लसूण परतला, सॉसेजचे काप घातले. ते कशाचे, हे विचारले नाही. त्यातच उकडलेला राजमा आणि तांदूळ टाकले. वास आला तसे तोंड बाजूला वळवले, पण हात थांबू दिला नाही.

हसतमुखाने ताटली घेऊन त्याच्या पलंगाशी गेले.

त्याने भाताकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"आई, हे तू केलंस?"

"मग काय शेजारीण येणार होती? जेव गरम गरम."

त्याने चमचा खाली ठेवला.

"किती दिवस म्हणाले गं डॉक्टर?"