शेजारणीला दिलेलं रोप

"फोडणी करपायला लागली की बरी आठवण होते माझी!" असं फटकारतच तानाक्का शेजारच्या मेघनाला परसातला कढीपत्ता तोडून द्यायची. तेवढ्यात घटकाभर गप्पा व्हायच्या. एकदा तोऱ्यात तिनं झाडाखालचं रोपच उपटून दिलं. "घे, रोजची कटकट मिटली!"

वर्षभरात रोप फोफावलं. मेघनाचं येणं थांबलं. दुसरं कोण येणार होतं? तानाक्काचा आवाज दिवस दिवस फुटेना.

आज ती स्वतःच मेघनाच्या दारात उभी राहिली.

"दोन पानं दे गं. माझ्या झाडाला कीड लागलीय."

"अगं बाई! उद्या येऊन बघते हं अक्का."

घरी झाड हिरवंगार डुलत होतं. मेघनानं पाहिलं की खोटं उघडं पडणार, हे तानाक्काला कळत होतं.

"उद्या कशाला?" ती म्हणाली. "आत्ताच चल की."