कोरं कपाळ

“अक्का, तेवढं कुंकू पुसा. आणि मंगळसूत्र काढून ठेवा,” चॅनेलचा प्रद्युम्न म्हणाला.

तुंगाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. हिनकल गावातल्या तिच्या दोन खोल्यांत सकाळपासून कॅमेरा मांडला होता. तिचं शिलाई मशीन ओढून खिडकीच्या उजेडात आणलं होतं. लेक कीर्तना टीव्हीवरच्या लहान मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेत वरच्या फेरीत पोचली होती. आई शिवतेय, लेक शेजारी बसून गातेय, एवढंच दाखवायचं ठरलं होतं.

“का म्हणून पुसू?”

“कीर्तनाचे वडील नाहीत ना. म्हणजे, कार्यक्रमात नाहीत.”

तुंगाच्या अंगाचा भडका उडाला. “अय्यो! माझा नवरा तिकडे दारात उभा आहे, दिसत नाही तुला? सरस्वतीपुरमच्या चांगल्या वस्तीतला शिकलेला मुलगा तू, आपल्यातलाच. जित्या माणसाला मारतोस? आधी तुझ्या आईला सांग जा कपाळ पुसायला!”

प्रद्युम्न चिडला नाही. असं ऐकून घ्यायचाच त्याला पगार होता. “सुरुवातीला पट्टी येते अक्का, काही प्रसंग नाट्यरूपात आहेत म्हणून. वकिलांनी बघितलंय. कायद्यानं काही अडत नाही.”

“कायद्याचं नको सांगू मला. लाजेचं सांग.”

त्यानं कॅमेऱ्यामागच्या पोरांकडे एकदा बघितलं. मग आवाज उतरवून म्हणाला, “हे आमचं नव्हेच मुळी. निवडीच्या वेळी तुमचे यजमानच सांगून गेले, मी पोरीचा मामा, तिचा बाप वारला. खरं काय ते आम्हाला मागाहून कळलं. तोवर कीर्तनानं स्टेजवर सांगून टाकलं होतं. परीक्षक रडले, लोक उभे राहिले. आता तुम्ही नाही म्हणालात तर लबाड कोण ठरेल? तीच ना?”

तुंगानं लेकीकडे बघितलं. कीर्तना फ्रॉकची झालर बोटाला गुंडाळत होती.

“अप्पानंच पाठ करून घेतलं,” ती पुटपुटली.

दारातून तिचा नवरा गुंडू पुढे आला. “अगं, सुम्मने, असंच आपलं, दोन मिनिटांचं काम. शिंप्याच्या पोरीला मतं कोण देतो? काहीतरी दुःख लागतं. एवढं काय त्यात?”

त्यानं कुंकवाला ‘त्यात’ म्हटलं. तुंगाचा प्रद्युम्नवरचा राग तिथून उठला आणि आपलं खरं घर शोधत निघाला.

ती मशीनवर बसली. पदराचं टोक पाण्यात बुडवलं आणि कपाळावरून फिरवलं. कुंकू गेलं, मागं फिकट गोल उरला, जात्याखालची भुई उरते तसा. मंगळसूत्र काढून तिनं दोऱ्यांच्या डब्यात ठेवलं.

“थोडं डोळ्यांत पाणी आणता येईल, अक्का?”

पाणी आलं नाही. डोळे नुसते धगधगत राहिले. कीर्तना गायली. मेलेल्या बापासाठी गायली, आणि जिता बाप दारामागे उभा राहून मान डोलवत होता. कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून त्यानं पोट आत ओढून धरलं होतं.

“कट! फर्स्ट क्लास!” प्रद्युम्न म्हणाला. पोरं वायरी गुंडाळू लागली.

गुंडू लगबगीनं देवापुढचा करंडा घेऊन आला. “आयतु, झालं की. घे, लाव आता.” त्यानं झाकण उघडून तिच्यापुढे धरलं.

तुंगानं करंड्याकडे बघितलं नाही. त्याच्याकडे बघितलं, बराच वेळ, दारात आलेल्या परक्याकडे बघावं तसं. मग डोक्यावरून पदर घेतला.

“कीर्तना, मामांना पाणी दे,” ती म्हणाली. “आणि विचार त्यांना, ते स्वतःच्या घरी कधी जाणार?”