पिवळा लेप

आईने आ केला आणि लगेच तोंड मिटलं.

"नुसती हवा लागली तरी कळ जाते गं."

"म्हणूनच लावतेय. उघड."

मुलगी दातांची डॉक्टर. दवाखान्यात निघण्याआधी तिने आईला खिडकीपाशी उजेडात बसवलं होतं. कॅन्सरच्या औषधांनी आईला सारख्या उलट्या होत आणि पोटातल्या आम्लाने दातांवरचं कवच आतल्या बाजूने झिजत चाललं होतं. त्यात आई स्वच्छतेची भोक्ती. उलटी झाली की खसाखसा दात घासायची आणि मऊ पडलेलं कवच स्वतःच्या हाताने खरवडून काढायची. शेवटी मुलीने ब्रश काढून घेतला, सोड्याच्या पाण्याने चुळा भरायला लावल्या आणि फ्लोराइडचा लेप सुरू केला.

आत्या दारातून बघत होती. "कशाला छळतेस वहिनीला? दात कोरून पोट भरतं का?"

"वन्सं, पोटात काही टिकत नाही," आई म्हणाली. "दात तरी टिकू देत."

मुलीने कापसाने एकेक दात कोरडा केला आणि त्यावर लेप फिरवला. पिवळा, चिकट.

"आता उद्या सकाळपर्यंत बोटानेही घासायचं नाही."

आईने आरसा मागून घेतला. "शी! जन्मभर तंबाखू खाल्ल्यासारखी दिसतेय."

"बरी झालीस की बघ कशी दिसतेस."

त्या घरात सगळे असंच बोलत. 'बरी झालीस की.' दुसरा शब्द कुणी तोंडातून काढत नसे. आईही नाही. ती हसली, पण लेप पुसला जाऊ नये म्हणून ओठ न मिटता.

दुसऱ्या दिवशी पहाटे आई गेली.

शेजारच्या बायका जमल्या. आत्या ओल्या फडक्याने आईचा चेहरा पुसत होती. ओठ जरासे उघडे राहिले होते. तिने फडक्याचं टोक बोटाला गुंडाळलं.

"किती पिवळे पडलेत बाई. एवढे तरी स्वच्छ करून पाठवू."

मुलीने तिचं मनगट धरलं. "राहू दे."

"अगं, लोक काय म्हणतील? आणि आता कुणासाठी जपायचे ते दात?"

बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मुलीने मनगट सोडलं नाही.

"ती मरणार हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आत्या," ती म्हणाली, पार दारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. "तरी तिचा एकही दात मी जाऊ देणार नव्हते."