दारातलं सोंग

अठराव्या शतकातल्या इंग्रजी चुटक्यांच्या पुस्तकांवर सरू प्रबंध लिहीत होती. शिमग्याला रोह्याकडल्या गावी आली, तेव्हा पायाने अधू असलेल्या वडिलांना म्हणाली, "आबा, त्या पुस्तकांत लंगड्याआंधळ्यांचीच टिंगल हाय. पण त्यांनाही मजा वाटत असणार. दरवर्षी शिमग्याची सोंगं तुझी नक्कल करतात, तवा तू नाय का हसत?"

तेवढ्यात ढोल वाजवत सोंगं अंगणात शिरली. शेजारचा मोरू आबांसारखीच काठी टेकत, पाय ओढत नाचू लागला. सगळी वाडी हसली. सगळ्यांत मोठ्यांदा आबा हसले. मग सोंगं पुढच्या घराकडं वळली.

"बघ, हसलासच!"

आबांचं हसू केव्हाच थांबलं होतं.

"मी हसल्याबिगर ती दारातून हालत नाय गो."